डिसअसेंबलर कचरा दाखवतो किंवा डिकंपायलर अर्थहीन सी लिहितो : तपासणी कुठून सुरू करावी

ज्यांच्या हाती मूळ सोर्स कोड उरलेला नाही आणि चिपमधून काढलेली फर्मवेअरची (चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रामची) फाइल तेवढी आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतील रबाळे, महापे, पावणे, तुर्भेपर्यंतच्या कारखान्यांत अशी नियंत्रक कार्डे पुष्कळ आहेत. यंत्र उत्तम चालते, कार्ड बनवणारा धंदा गुंडाळून गेलेला असतो आणि एखादी तापमानाची मर्यादा किंवा मॉडबस या यंत्रांमधील संवाद-पद्धतीतला पत्ता बदलायचा म्हटले, तरी हाती फक्त एक हेक्स फाइल असते. ती फाइल घिड्रा किंवा आयडा या साधनांत उघडली जाते (त्यांतला डिसअसेंबलर बाइट्सचे प्रोसेसरच्या आज्ञांत, म्हणजे सूचनांत, रूपांतर करतो आणि डिकंपायलर त्यांवरून सी भाषेतला प्रोग्राम लिहितो), पडद्यावर निरर्थक सूचनांची रांग दिसते आणि निष्कर्ष निघतो, की आताचे प्रोसेसर इतके गुंतागुंतीचे झाले आहेत की या साधनांचा उपयोग उरलेला नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत साधन ठीक होते. त्याला त्या बाइट्सविषयी सांगितलेली माहिती चुकीची होती.

लक्षणे

सर्वांत ढोबळ लक्षण म्हणजे ‘अपरिभाषित सूचना’ असा शेरा ओळीओळीला येणे आणि साधनाला एकही फंक्शन न सापडणे. दुसरे लक्षण अधिक फसवे आहे: सूचना वैध दिसतात, पण त्यांना संगती नसते, साध्या पंप नियंत्रकाच्या कोडमध्ये कोप्रोसेसरच्या आज्ञा दिसतात आणि उड्या फाइलच्या बाहेरच्या पत्त्यांवर जातात. तिसऱ्या प्रकारात फंक्शने नीट वाचता येतात, परंतु डिस्प्लेवर उमटणाऱ्या एकाही वाक्याला कोडमधून संदर्भ सापडत नाही. चौथ्यात डिसअसेंब्ली स्वच्छ असते, पण डिकंपायलरने लिहिलेल्या सीमध्ये फंक्शन रिकामे असते, पॅरामीटर गायब असतात किंवा फंक्शन अर्ध्यातच संपते. आणि शेवटच्या प्रकारात सगळे बरोबर दिसते, तरीही यंत्रातील दोषाचे कारण त्यात कुठेच सापडत नाही. आपले लक्षण यांपैकी कोणते, हे आधी ठरवावे. पहिल्या तिन्हींची कारणे बहुधा सुरुवातीच्या, फुकटच्या तपासण्यांतच सापडतात.

आधी फाइल तपासावी

फाइलीतील बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरील आकड्यांत, दाखवणाऱ्या साध्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडावी. प्रत्येक ओळ अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनी सुरू होत असेल, तर ती इंटेल हेक्स आहे. ओळी इंग्रजी ‘एस’ने सुरू होत असतील, तर मोटोरोलाची एस-रेकॉर्ड. या दोन्ही मजकूर-फाइली असतात आणि त्या ‘कच्ची बायनरी’ म्हणून उघडल्या, तर डिसअसेंबलर अक्षरांच्या सांकेतिक अंकांनाच सूचना समजून वाचू लागतो. ही चूक कंटाळवाणी आहे, पण वारंवार आढळते. इंटेल हेक्सचे बायनरीत रूपांतर करण्याचीही घाई करू नये, कारण हेक्समध्ये पत्ते लिहिलेले असतात आणि बायनरीत ते उरत नाहीत. प्रकार ०४ ची ओळ पत्त्याचे वरचे १६ बिट सांगते. एसटीएम३२ या सर्रास आढळणाऱ्या नियंत्रक चिपच्या फाइलीत तिथे सहसा ०८०० असे आकडे असतात. पुढे ज्या गोष्टीसाठी डोकेफोड करावी लागते, तीच माहिती इथे आयती मिळते.

फाइल आपणच चिपमधून काढली असेल, तर वाचन दोनदा करावे आणि दोन्ही फाइलींचे हॅश (सगळ्या बाइट्सवरून काढलेला ठसा) जुळवावेत. खाडीच्या बाजूच्या कारखान्यांत पावसाळ्यानंतर चिपच्या पायांवर हिरवट थर चढलेला असतो. त्यावर क्लिप लावली, की मधलेच काही बाइट चुकीचे येतात आणि डिसअसेंबलर बरोबर तिथेच भरकटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाय पुसून पुन्हा वाचावे. बोर्डावरील एसपीआय फ्लॅश (प्रोसेसरला काही तारांनी जोडलेली वेगळी मेमरी चिप) जागेवरच वाचताना क्लिपमधून जाणारा वीजपुरवठा मुख्य प्रोसेसरलाही जागा करू शकतो आणि तो त्याच तारांवर बोलू लागतो. मग दोन वाचने कधीच जुळत नाहीत. अशा वेळी प्रोसेसर रीसेटमध्ये धरून ठेवावा किंवा फ्लॅश चिप उतरवावी. संपूर्ण फाइल एफएफ किंवा शून्यांनी भरलेली असेल, तर चिप कोरी आहे किंवा तिने वाचू दिलेले नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रोसेसर कोणता आणि तो कोणत्या रूपात चालतो

चिपवरील छाप भिंगाखाली वाचावी आणि डेटाशीट काढावी. अंदाजाने ‘आर्म’ निवडणे पुरेसे नसते. कॉर्टेक्स-एम मालिकेतील (एसटीएम३२ मधलाही) प्रोसेसर केवळ थंब, म्हणजे बहुतांशी १६ बिटांच्या, सूचना चालवतात. ३२ बिटांची जुनी आर्म सूचनावली त्यांना ठाऊकच नाही. घिड्रात ‘आर्म, ३२ बिट, लिटल एंडियन’ (म्हणजे आकड्याचा खालचा बाइट आधी) एवढेच निवडून कच्ची फाइल उघडली, तर साधन आर्म रूपात वाचायला लागते आणि दोन-दोन थंब सूचना जोडून एक काल्पनिक सूचना तयार करते. वर सांगितलेले दुसरे लक्षण बहुतेक वेळा इथूनच येते.

याची खूण हेक्स एडिटरमध्येच दिसते. खऱ्या आर्म रूपातील कोडमध्ये बहुतांश सूचना विनाअट असतात, म्हणून दर चौथ्या बाइटचा पहिला अंक ‘ई’ असतो आणि पडद्यावर त्याचा उभा पट्टाच उमटतो. थंब कोडमध्ये असा पट्टा नसतो. तिथे ७० ४७ ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते, कारण फंक्शनमधून परतण्याची ‘बीएक्स एलआर’ ही सूचना लिटल एंडियन क्रमात तशी लिहिली जाते. ४७ ७० अशी उलटी जोडी जागोजागी दिसली, तर बाइट्सची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी. मजकुरातील अक्षरेही तेव्हा दोन-दोनच्या जोडीत उलटलेली दिसतात.

स्वस्त वायफाय कार्डांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. ईएसपी३२ हे नाव वाचून सगळे एकच समजू नये. मूळ ईएसपी३२ मध्ये एक्सटेन्सा गाभा आहे आणि ईएसपी३२-सी३ मध्ये रिस्क-फाइव्ह. दोघांच्या सूचनावलीत काहीही साम्य नाही.

पाया पत्ता

सर्वाधिक वेळ इथेच जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फाइलीतला पहिला बाइट प्रोसेसरच्या दृष्टीने कोणत्या पत्त्यावर असतो, हे साधनाला सांगावे लागते. एल्फ (लिनक्सवरील) किंवा विंडोजच्या प्रोग्राम-फाइलीत ती माहिती आतच असते; कच्च्या बायनरीत नसते आणि साधन ती शून्य धरून चालते. गंमत अशी, की पाया पत्ता चुकला तरी कोड वाचनीय दिसतो. फंक्शनची हाक आणि बहुतेक उड्या ‘इथून इतके पुढे किंवा मागे’ अशा सापेक्ष असतात, त्यामुळे सगळा प्रोग्राम एकगठ्ठा सरकला तरी त्या जुळलेल्याच राहतात. मजकुराचे, तक्त्यांचे आणि फंक्शन-पॉइंटरचे पत्ते मात्र पूर्ण असतात आणि तेवढेच तुटतात. म्हणूनच तिसरे लक्षण, म्हणजे कोड चांगला पण मजकुराला संदर्भ नाही, दिसले की अन्यत्र शोधत बसू नये.

कॉर्टेक्स-एमवर उत्तर बहुधा पहिल्या आठ बाइट्समध्ये असते. पहिला शब्द, म्हणजे चार बाइट, स्टॅकचा (तात्पुरत्या किमतींच्या जागेचा) आरंभीचा पत्ता असतो आणि दुसरा रीसेटनंतर चालू होणाऱ्या कोडचा. समजा फाइल ०० ५० ०० २० ४५ ०१ ०० ०८ अशी सुरू होते. बाइट उलट क्रमाने वाचले, तर स्टॅक २०००५००० या पत्त्यावर आणि रीसेट ०८०००१४५ या पत्त्यावर आहे. रॅम २००००००० पासून सुरू होते आणि हेक्समधील ५००० म्हणजे २० किलोबाइट, जी एसटीएम३२एफ१०३ च्या लोकप्रिय प्रकारांची रॅम आहे; म्हणजे चिपविषयीचा अंदाजही पडताळला गेला. रीसेटचा पत्ता विषम असतो, तो छपाईचा दोष नव्हे: शेवटचा बिट १ म्हणजे थंब रूप, आणि प्रत्यक्ष सूचना ०८०००१४४ वर असते. या फाइलीचा पाया ०८०००००० ठेवावा. कार्डात वेगळा बूटलोडर (आधी चालून मुख्य प्रोग्राम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) असेल आणि हाती फक्त त्यापुढचा प्रोग्राम असेल, तर रीसेट आणि इतर इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या घटना) यांचे पत्ते ०८००४००० यांसारख्या एखाद्या सीमेपासून पुढे सुरू होतात. मग पाया तिथे न्यावा.

ज्या प्रोसेसरमध्ये असा तक्ता नसतो, तिथे मजकुराची मदत घ्यावी. फाइलीतील ठळक वाक्ये कुठे सुरू होतात त्या जागा लिहून काढाव्यात, कोडमधून मेमरीचे पत्ते वाटणारे ३२ बिटांचे आकडे गोळा करावेत आणि दोहोंमधील कोणता फरक सर्वाधिक वेळा येतो ते पाहावे. तो फरक म्हणजेच पाया पत्ता. छोटी पायथन स्क्रिप्ट हे काम चुटकीसरशी करते.

फाइल दाबलेली किंवा कुलूपबंद आहे का

बिनवॉक या साधनाने एन्ट्रॉपीचा, म्हणजे बाइट्स किती यादृच्छिक आहेत त्याचा, आलेख काढावा. साध्या कोडची एन्ट्रॉपी दर बाइटला ८ बिटांच्या बरीच खाली असते. आलेख सपाट आणि ८ ला चिकटलेला असेल, तर फाइल दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) किंवा एन्क्रिप्ट केलेली आहे आणि प्रोसेसरची निवड कितीही बदलली तरी काही उमटणार नाही. दाबलेल्या फाइलीत सहसा ओळखीची खूण सापडते, जीझिपची किंवा स्क्वॅशएफएसची, आणि मग ती सोडवणे साध्या आज्ञेचे काम असते. खूण नाही, मजकूर नाही, सुरुवातीचे शीर्षक तेवढे वाचता येते आणि पुढे एकसारखा गोंगाट, असे चित्र असेल तर ते एन्क्रिप्शन समजावे आणि थांबावे. अशा फाइलीची किल्ली डिसअसेंबलरमध्ये सापडत नाही.

साधनाचे वय

प्रोसेसरच्या सूचनावली दर काही वर्षांनी वाढतात आणि जुन्या आवृत्तीचे साधन नव्या सूचनांपुढे अडते. ६४ बिटांच्या आर्ममध्ये ८.३ आवृत्तीपासून पॉइंटरवर सही करणाऱ्या सूचना आल्या. त्यांपैकी काही जुन्या साधनात निरुपद्रवी ‘हिंट’ म्हणून दिसतात, कारण त्या जुन्या प्रोसेसरवरही चालाव्यात अशाच जागी बसवलेल्या आहेत. ‘आरईटीएए’सारख्या सूचना मात्र अपरिभाषित ठरतात आणि फंक्शनचा शेवटच सापडत नाही. इंटेलच्या बाजूला एव्हीएक्स-५१२ या नंतर जोडलेल्या सूचनासंचाचे तसेच. रिस्क-फाइव्हमध्ये उत्पादकाला स्वतःच्या खास सूचना जोडण्याची मुभा आहे, म्हणून मधूनच एखादी सूचना अनोळखी राहिली, तर चिपची पुस्तिका पाहावी.

तपासण्याची रीत सोपी आहे: तोच तुकडा दुसऱ्या साधनात, उदाहरणार्थ ताज्या ऑब्जडंपमध्ये किंवा रडारे२ मध्ये उघडावा. दोघांचे एकमत नसेल, तर डेटाशीटवर विश्वास ठेवावा. घिड्रा २०१९ पासून मोफत आणि खुले आहे, त्यामुळे जुनी प्रत वापरत राहण्याचे कारणही नाही.

कोड आणि डेटा यांची सरमिसळ

आधीचे सगळे जुळले आणि तरी मधूनमधून विचित्र ओळी येत असतील, तर तिथे बहुधा डेटा आहे. थंब कोडमध्ये मोठे स्थिरांक फंक्शनच्या शेपटीला ठेवले जातात आणि स्विचचे (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या कोडचे) तक्ते तर ‘टीबीबी’ या उडीच्या सूचनेच्या लगेच पुढे असतात. ऑब्जडंप कच्च्या फाइलीतील बाइट सरळ ओळीने वाचत जातो, म्हणून तो डेटालाही सूचना ठरवतो. घिड्रा आणि आयडा उड्यांचा माग काढत वाचतात, म्हणून ते डेटा टाळतात, पण केवळ पॉइंटरमधून हाक मारलेली फंक्शने त्यांच्या नजरेतून सुटतात. इंटेलच्या प्रोसेसरवर सूचनेची लांबी १ ते १५ बाइट यांमध्ये काहीही असू शकते, त्यामुळे एक बाइट चुकला की पुढच्या अनेक सूचना वेगळ्याच वाचल्या जातात, आणि मुद्दाम फसवणारे प्रोग्राम याचाच फायदा घेतात. कोणते बाइट कोड आणि कोणते डेटा हे प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक सांगेल अशी पद्धत तत्त्वतःच शक्य नाही. इथे माणसाने हाताने खूण करावी लागते आणि ते काम चिकाटीचे आहे.

डिकंपायलरचे वेगळे दुखणे

डिसअसेंबलर बाइटचा अर्थ सांगतो, तर डिकंपायलर हेतूचा अंदाज करतो, आणि त्याचा अंदाज काही ठरावीक ठिकाणी चुकतो.

सर्वांत महागात पडणारी जागा म्हणजे पेरिफेरलची, म्हणजे चिपमधील टायमर, संवाद अशा जोड-भागांची, रजिस्टरे. एसटीएम३२ मध्ये ती ४००००००० पासूनच्या पत्त्यांवर मेमरीसारखी दिसतात. डिकंपायलरला ती साधी मेमरी वाटली, तर ज्या वाचनाचा निकाल पुढे वापरलेला नाही ते त्याच्या लेखी फुकट ठरते आणि सीमधून वगळले जाते. पण एसटीएम३२एफ१०३ च्या यूएआरटीमध्ये (सिरियल संवादाच्या भागात) ओव्हररनचा, म्हणजे आधीचा बाइट वाचण्यापूर्वीच पुढचा आल्याचा, झेंडा उतरवण्याची रीतच अशी आहे, की आधी स्टेटस रजिस्टर वाचायचे आणि मग डेटा रजिस्टर. वाचलेल्या किमती टाकून दिल्या तरी चालतात. डिकंपायलरचे सी पाहून कोणी तोच प्रोग्राम नव्याने लिहिला, तर हे वाचन त्यात येत नाही आणि नवे कार्ड काही तास चालून संवाद बंद करते. फ्लॅशचे कुलूप उघडतानाही तसेच: एकाच रजिस्टरमध्ये आधी ४५६७०१२३ आणि लगेच दुसरी किल्ली लिहावी लागते, त्याच पत्त्यावर दोनदा लिहिलेले पाहून डिकंपायलर पहिले लेखन निरर्थक समजून गाळू शकतो. उपाय सोपा आहे. घिड्राच्या मेमरी मॅपमध्ये पेरिफेरलचा भाग वेगळा तयार करावा आणि त्यावर ‘व्होलाटाइल’ची (इथले वाचन-लेखन वगळू नये अशी) खूण करावी. चिपची एसव्हीडी फाइल (तिच्या रजिस्टरांचे वर्णन) मिळाली तर रजिस्टरांची नावेही त्यातून भरता येतात. या एका कामाने वाचनाचा वेग जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

पॅरामीटर गायब असतील, तर हाकेची पद्धत, म्हणजे फंक्शनला पॅरामीटर कसे पोचवायचे याचा संकेत, तपासावी. कॉर्टेक्स-एम४ च्या फ्लोटिंग पॉइंट युनिटसह हार्ड-फ्लोट पद्धतीने बांधलेल्या प्रोग्रामात दशांश संख्या आर० ते आर३ मधून न जाता एस० पासूनच्या रजिस्टरांतून जातात. तापमान किंवा वेग स्थिर ठेवणाऱ्या पीआयडी नियंत्रणाचे फंक्शन नेमके याच कारणाने बिनपॅरामीटरचे दिसते. फंक्शन अर्ध्यात संपत असेल, तर त्याने शेवटी हाक मारलेल्या फंक्शनवर ‘परतत नाही’ अशी चुकीची खूण लागली आहे का, ते पाहावे.

कंपायलरने केलेले बदल हा दोष नव्हे, सवयीचा भाग आहे. हेक्समध्ये सात वेळा सी आणि शेवटी डी अशा आकड्याने गुणून, गुणाकाराचा वरचा शब्द तीन बिट उजवीकडे सरकवलेला दिसला, तर तो केवळ १० ने भागाकार आहे. चलांची नावे, टिपा आणि रचनांचे मूळ आकार कंपायलरने फेकून दिलेले असतात. ते कोणतेही साधन परत आणू शकत नाही. अलीकडे डिकंपायलरचे उत्पन्न चॅटबॉटला देऊन नावे सुचवून घेण्याची पद्धत पडली आहे. नावे सुबक मिळतात. ती खरी आहेत हे मात्र रजिस्टरचे पत्ते पाहूनच ठरवावे.

सगळे बरोबर, तरी दोष सापडत नाही

आधुनिक प्रोसेसर आतून सूचनांचा क्रम बदलतात, पुढचे अंदाजाने करून ठेवतात आणि इंटेलचे प्रोसेसर एका सूचनेचे अनेक सूक्ष्म तुकडे करतात. तरीही एका गाभ्यावर चालणाऱ्या प्रोग्रामचा अंतिम परिणाम लिहिलेल्या क्रमाप्रमाणेच असावा हा करार ते पाळतात, म्हणून प्रोग्राम काय करतो यासाठी डिसअसेंब्ली आजही पुरेशी आहे. किती वेळात करतो, हे मात्र तिच्यातून कळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष सूचनांच्या अर्थात नव्हते, त्यांच्या आतल्या अंमलबजावणीत होते. कार्ड फक्त मोठी मोटर सुरू होताना अडकत असेल किंवा इंटरप्ट एकमेकांवर येऊन बिघडत असेल, तर कोड वाचत बसण्यापेक्षा लॉजिक ॲनालायझर आणि एसडब्ल्यूडी डीबगर (चालू चिपच्या आत डोकावणारे साधन) जोडावा, आणि त्याहीआधी वीजपुरवठ्यावर ऑसिलोस्कोप लावावा.

कुठे थांबावे

चिपवर वाचन-संरक्षण असेल, तर हात मागे घ्यावा. एसटीएम३२ च्या अनेक मालिकांत संरक्षण पातळी १ वरून ० वर आणताच संपूर्ण फ्लॅश आपोआप पुसली जाते, आणि चालू कार्डाची एकमेव प्रत असेल तर कारखान्याचे यंत्र त्याच क्षणी बंद पडते. प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनलॉक’ असे साळसूद बटण असते. ते दाबण्यापूर्वी डेटाशीट वाचावे. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीचे काम घरच्या टेबलावर होत नाही.

प्रेसचा सुरक्षा-इंटरलॉक, बॉयलर किंवा लिफ्ट यांच्या नियंत्रकातील बाइट डिकंपायलरच्या भरवशावर बदलू नयेत; तिथे उत्पादक किंवा प्रमाणित सुरक्षा अभियंताच हवा. फाइलीत घातक प्रोग्रामचा संशय आला, तर ती कारखान्याच्या नेटवर्कवर उघडू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, त्यामुळे आधी सर्ट-इनला कळवावे आणि तपास जाणकारांवर सोपवावा. कायद्याचेही भान असावे: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, अन्यत्र सहज न मिळणारी माहिती आंतरकार्यक्षमतेसाठी (दुसऱ्या प्रोग्रामसोबत काम जुळावे म्हणून) काढण्याची मुभा आहे, परंतु काढलेला प्रोग्राम दुसऱ्या कार्डांत भरून विकणे त्यात बसत नाही. करारपत्रात वेगळी अट असेल, तर वकिलाला विचारावे.

व्यावसायिकाकडे जाताना दोन्ही वाचनांच्या फाइली, त्यांचे हॅश, चिपवरील छापेचा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, आणि आपण केलेल्या खुणांसह घिड्राचा प्रोजेक्ट सोबत न्यावा. त्यामुळे पहिल्या तपासण्यांचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत. मूळ चिपमध्ये तोवर काहीही लिहू नये. प्रयोग करायचाच असेल तर त्याच प्रकारची कोरी चिप आणून तिच्यावर करावा.